देव्हाऱ्यांतील वीर व दारांतील वीर

धूलिवंदनाच्या दिवशीं नाशकाच्या जुन्या पेठांतून वीर निघतात. परगांवच्या मनुष्यास या सोहळ्याचें नवल वाटतें. नाशिककरांस त्याचें कांहींच अप्रूप नाहीं, कारण तो त्यांच्या अंगवळणीं पडलेला आहे. वर्षभर देव्हाऱ्यांत कुलदैवतांच्या शेजारीं बसलेले चांदीचे टाक त्या दिवशीं खालीं उतरतात, ताटांत किंवा खोबऱ्याच्या वाटींत लाल वस्त्रावर विराजमान होतात, आणि घरचा मुलगा वीराचा वेष करून, वाद्यें वाजत असतां, त्यांस गोदेवर स्नानास घेऊन जातो. दाजीबा वीराची मिरवणूक तर साऱ्या शहराची असते. हळद लागलेला हा नवरदेव बोहल्यावर चढण्यापूर्वींच मारला गेला अशी त्याची आख्यायिका सांगतात. म्हणून त्याच्या कपाळीं अजून बाशिंग आहे, आणि त्याची इच्छा अपुरी राहिली तरी आपली पुरी होवो असा नवस लोक त्यास करितात.

हा वीर म्हणजे कोण, याचा थोडा विचार केला पाहिजे. तो पुराणांतला देव नव्हे आणि इतिहासांतला सरदारही नव्हे. लढाईंत पडलेला किंवा अन्य कारणानें अकाली मरण पावलेला आपल्याच कुळांतला एखादा पुरुष, एवढीच त्याची योग्यता. आणि तेवढ्या योग्यतेवर त्यास कुलस्वामिनीच्या पंक्तीला बसविण्यांत आलें आहे. थोरांच्या बखरी लिहिणाऱ्या समाजानें लहानांचें साधें टिपणही ठेविलें नाहीं, असा आक्षेप आपणांवर नेहमीं येतो. त्याच समाजाच्या घराघरांत सामान्य शिपायास हें स्थान मिळालें, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु त्या टाकांतल्या पुरुषाचें नांव काय, तो कोठें पडला आणि कोणासाठीं पडला, असें विचारलें तर शंभरांतून पांच घरांस तरी उत्तर देतां येईल काय? पूजा चालू आहे, मिरवणूक चालू आहे, आणि नांव मात्र पुसलें गेलें आहे. उलटपक्षीं, ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, ज्यांचे आईबाप आपल्याच गल्लींत राहतात, अशा आजच्या वीरांस एक दिवसाच्या पुष्पचक्रापलीकडे आपल्या परंपरेंत कोठेंच जागा नाहीं. हे दोन्ही तुटलेले धागे एकत्र कसे गुंफावे, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

आपल्या पूर्वजांस स्मारकाची कल्पना नव्हती असें कोणी समजूं नये. महाराष्ट्रांतल्या जुन्या देवळांच्या आवारांत, वेशीपाशीं, पिंपळाच्या पारावर वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटींत लढाई किंवा गाईंच्या रक्षणाकरितां झालेली झुंज, मधल्या चौकटींत वीरास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा करीत बसलेला वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. मुंबईनजीक बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. चंद्रसूर्य आहेत तोंवर स्मृति राहो, हा त्या चिन्हांचा अर्थ. चंद्रसूर्य आहेत आणि दगडही आहेत. परंतु बहुतेकांवर अक्षर नसल्यामुळें हा पुरुष कोण हें कोणासच सांगतां येत नाहीं. कोठें त्या दगडावर धुणें धुतलें जातें, तर कोठें शेंदूर फांसून त्याचा म्हसोबा केला जातो. ज्यानें गांवासाठीं प्राण दिला त्याच्या वांट्यास अखेर कपडे आपटण्याचा दगड यावा, यापरता कृतघ्नपणा तो कोणता?

इंग्रजी अमलांत याहून निराळा प्रकार झाला. १९१४ च्या महायुद्धानंतर सरकारनें इकडील अनेक गांवांत पाट्या बसविल्या. या गांवांतून इतके इसम लढाईस गेले आणि त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच हिशेब बहुधा त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवचे ४६ जवान त्या युद्धांत पडले. गांवानें ती आठवण टाकली नाहीं, आणि आजही त्या गांवास 'अपशिंगे मिलिटरी' असेंच म्हणतात. पण सर्वच गांवांचें दैव अपशिंग्यासारखें नसतें. जेथें सांगणारा म्हातारा उरला नाहीं तेथें पाटीवरचा आंकडा मुका झाला. आंकडा हा सरकारच्या उपयोगाचा असतो, नांव हें घरच्या उपयोगाचें असतें. आंकड्याकडे पाहून कोणत्याही आईच्या डोळ्यांस पाणी आलेलें नाहीं.

नांव कोरल्यानें काय होतें हें पाहावयाचें असेल त्यानें भीमा कोरेगांवचा स्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनें तो आपल्या विजयाची निशाणी म्हणून उभारला. त्याविषयीं कोणास खेद वाटतो, कोणास अभिमान वाटतो. तो वाद आज आम्हांस करावयाचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्या दगडावर पडलेल्या ४९ शिपायांचीं नांवें आहेत, त्यांतील २२ महार शिपायांचीं आहेत, आणि तीं नांवें होतीं म्हणूनच शंभर वर्षांनंतर त्यांच्या समाजास आपला इतिहास हातीं लागला. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर तेथें गेले, आणि आतां दरवर्षीं त्या दिवशीं लाखों लोक तेथें जातात. ज्यांस गांवच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांस दगडावरच्या अक्षरांनीं ताठ मानेनें उभें केलें. नाशिककरांनीं तर हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. कारण २ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिराच्या दारांत ज्यांस अडविण्यांत आलें, त्यांचेच पूर्वज पिढ्यानपिढ्या पलटणींत लढून मेले होते. मरतांना कोणाची जात आड आली नाहीं; मग स्मरण करतांना ती आड येण्याचें कारण काय?

खडकी येथें दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ मृतांच्या कबरी आहेत. शिपाई असो वा वरचा अंमलदार असो, शिळा सर्वांस एकसारखी. परक्या सत्तेच्या इतर गोष्टी कशाही असोत, मरणानंतर हुद्दा पाहूं नये हा तिचा नियम घेण्यासारखा आहे. अशा कबरी आपल्या देवळालीसही आहेत. आणखी एक गोष्ट सांगतों. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत शत्रूच्या मोर्च्यावर एकटे चालून जाऊन पडले, व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ सालीं इटलींतील मोंतोने या लहानशा गांवानें त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारलें. आपण सर्व एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें वचन त्यावर आहे. सातासमुद्रांपलीकडच्या गांवकऱ्यांस एका मराठी नाइकाचें नांव जपावेंसें वाटलें. आमच्यांतील किती सुशिक्षितांस हें नांव, विचारल्याबरोबर, सांगतां येईल?

गत काळाची गोष्ट असो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं काश्मिरांत बडगामजवळ हवाईदलाचें हेलिकॉप्टर पडून नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांचा अंत झाला. तें आपल्याच क्षेपणास्त्रानें पडलें, हें पुढें हवाईदलानें स्वतः मान्य केलें. त्यांच्या अंत्ययात्रेस शहर लोटलें होतें, आणि तें योग्यच झालें. परंतु त्या दुःखांतही त्यांच्या पत्नीनें समाजमाध्यमांवर लढाईचा आवेश आणणाऱ्यांस स्पष्ट बजावलें कीं, इतकाच जोष असेल तर सैन्यांत दाखल व्हा. एका विधवेनें साऱ्या समाजास दिलेला हा बोध आपण किती दिवस लक्षांत ठेविला, याचें उत्तर ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं द्यावें.

त्यानंतरची गोष्ट तर आपल्या वेशींतलीच आहे. १० ऑक्टोबर २०२४ रोजीं नाशिकच्या तोफखान्यांत सराव चालू असतां गोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले. एक गुजराथचा, दुसरा बंगालचा; दोघांचीही वयें विशीच्या आसपासचीं. अग्निवीरांची योजना २०२२ सालीं निघाली; तींत चार वर्षांची नोकरी, फार तर चतुर्थांश लोकांस पुढें कायम करणें, आणि मरण आल्यास विम्याचे ४८ लाख व इतर ठरीव रक्कम अशी तजवीज होती, निवृत्तिवेतनाची नव्हती. या योजनेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा संसदेंत होईल तो होवो. आमचा प्रश्न शहरापुरता आहे. ते दोघे नाशिकचे नव्हते. पण त्यांचा प्राण नाशिकच्या मातींत गेला. दूरदूरच्या मुलुखांतून अस्थि घेऊन येणाऱ्यांस जें शहर आपलें म्हणतें, त्यानें आपल्याच हद्दींत पडलेल्या या दोन पोरांस परकें मानावें काय?

मेलेल्यांस फुलें वाहणें सोपें असतें, कारण मेलेला मनुष्य कांहीं मागत नाहीं. जिवंत परत आलेला मागतो, आणि तेथेंच आपल्या देशभक्तीची खरी परीक्षा होते. जवान साधारणपणें पस्तिशी-चाळिशींत घरीं येतो. मुलें शाळेंत असतात, आईबाप थकलेले असतात, भावकींत बांधाचा तंटा चालू असतो, आणि ज्यानें बर्फांत तोफ चढविली त्यास बँकेच्या दारांत बंदूक धरून उभें राहण्यापलीकडे दुसरें काम कोणी देत नाहीं. हिमालयांतून परतलेल्या मनुष्यास एका दाखल्यासाठीं कचेरीचे दहा हेलपाटे घालावे लागतात. राज्य सरकारनें २०२० सालीं माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस मालमत्ताकरांत माफी दिली, ही गोष्ट चांगली झाली. परंतु ती माफी घेण्यासाठीं कोणता अर्ज कोठें द्यावा, हें समजून सांगणारा मनुष्य गल्लींत असावा लागतो.

येथें देवळालीच्या संबंधानें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी भाषेंत 'डुलाली' म्हणून एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ डोकें फिरलेला असा होतो. हा शब्द आपल्या देवळालीवरून निघाला. नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशीं जाण्यासाठीं गलबताची वाट पाहत तेथील छावणींत महिनेचे महिने पडून राहत, आणि त्या रिकामपणांत व उन्हांत कित्येकांचें चित्त बिघडे. परक्यांनीं आपल्या गांवाचें नांव चेष्टेचा शब्द करून ठेविलें. आपण मात्र त्यांतून शहाणपण घेतलें पाहिजे. लढाईची जखम नेहमींच अंगावर दिसते असें नाहीं. रात्रीं दचकून उठणारा, कोणाशीं न बोलणारा, दारूच्या आधीन झालेला माजी सैनिक दिसला म्हणजे त्यास नांवें ठेवण्यापूर्वीं, तो काय पाहून आला आहे याचा विचार करणें हें शेजाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय.

आतां सर्वांत नाजूक, पण सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतों. प्रजासत्ताकदिनीं वीरपत्नीस व्यासपीठावर बोलावतात, शालश्रीफळ देतात, टाळ्या वाजवितात. त्याच्या थोडेच दिवस आधीं संक्रांत होऊन गेलेली असते. त्या दिवसांत तिला शेजारच्या घरीं हळदीकुंकवास कोणी बोलावीत नाहीं. नवरा गेल्याच्या दिवशीं जिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलें, पुतण्याच्या लग्नांत जिला मागच्या खोलींत बसविलें, तिलाच सभेंत वीरपत्नी म्हणावयाचें, हा ढोंगीपणा नव्हे तर काय? तिचा पति देशासाठीं मेला म्हणून तो अमर, आणि तीच गोष्ट घडली म्हणून ती अशुभ, हें तर्कशास्त्र कोणत्या ग्रंथांतलें आहे हें आम्हांस कोणी दाखवून द्यावें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून वैधव्याच्या या सर्व चाली बंद केल्या, आणि राज्य सरकारनें त्याच महिन्यांत परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस हाच कित्ता गिरविण्यास सांगितलें. जें शिरोळ तालुक्यांतल्या एका खेड्यास साधलें, तें विद्येचें व तीर्थाचें माहेरघर म्हणविणाऱ्या नाशकास साधूं नये काय?

नुसती टीका करून थांबणें आम्हांस पसंत नाहीं. म्हणून कांहीं सूचना करितों. पहिली, नांवांची वही. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरू कुळांच्या नामावळी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. कोणत्या गांवचा कोण केव्हां आला हें त्यांत पाहतां येतें. ज्या शहरानें परगांवच्या लोकांचे आजेपणजे लिहून ठेविले, त्यास आपल्या जिल्ह्यांतील पडलेल्या सैनिकांची वही करणें अवघड नाहीं. प्रत्येक ग्रामपंचायतीनें व शहराच्या प्रत्येक प्रभागानें ती करावी. नांव, गांव, पलटण, मरणाची तारीख व ठिकाण इतकेंच तींत असावें. दुसरी, धूलिवंदनाच्या मिरवणुकींत या नांवांस जागा द्यावी. दाजीबाच्या पुढें किंवा मागें, जेथें मानकरी सांगतील तेथें, गोदाघाटावर तीं नांवें मोठ्यानें वाचावीं. त्यांत हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध असा भेद नसावा, आणि वाचनाचा पहिला मान वीरमातेस अथवा वीरपत्नीस असावा. तिसरी, संक्रांतीचें पहिलें हळदीकुंकू प्रत्येक आळींतील स्त्रियांनीं सैनिकाच्या विधवेच्या हातून घ्यावें. याला पैसा लागत नाहीं, फक्त धैर्य लागतें. चौथी सूचना व्यापाऱ्यांस आहे. पुण्यांत १९९८ सालीं युद्धस्मारक उघडलें तें नागरिकांच्या वर्गणींतून उभें राहिलें. आमची मागणी त्याहून स्वस्त आहे. दगड उभारूं नका. एकेका पेढीनें एकेका माजी सैनिकास पहारेकऱ्याच्या नव्हे तर कोठीच्या, हिशेबाच्या, वाहतुकीच्या जबाबदारीच्या जागेवर घ्यावें. ज्यानें दारूगोळ्याचा हिशेब चोख ठेविला, तो कांद्याच्या वखारीचा हिशेब बिघडवील अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

यावर तीन आक्षेप येतील. कोणी म्हणेल कीं हें सरकारचें काम आहे. सरकारनें आपलें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. १९४९ पासून ७ डिसेंबरास ध्वजदिन पाळला जातो, जिल्ह्यास सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि दिल्लीस २०१९ सालीं राष्ट्रीय युद्धस्मारक उघडलें तेव्हां त्यावर २५ हजारांहून अधिक नांवें कोरलेलीं होतीं. परंतु सरकार पैसा देऊं शकतें, हळदीकुंकवाचें बोलावणें देऊं शकत नाहीं. दुसरा म्हणेल कीं जुन्या कुळाचारांत नवें घुसडूं नये. त्यास आमचें उत्तर असें कीं, भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्रानें मेलेल्यांचें श्राद्ध करावें हें शास्त्रच सांगतें. म्हणजे अशा मृतांस निराळें स्थान असावें ही कल्पना मुळांत जुनीच आहे. आणि आज टाकांत बसलेला वीरही एके काळीं नवाच होता. कोणी तरी पहिल्यानें त्यास देव्हाऱ्यांत ठेविलें म्हणूनच तो कुळाचार झाला. तिसरा म्हणेल कीं मृत सैनिकांचा असा उत्सव केल्यानें युद्धाची हौस वाढेल. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण हौस वाढते ती घोषणांनीं आणि निनांवी आंकड्यांनीं. एकेक नांव, त्याचें वय, त्याच्या पाठीमागें राहिलेल्यांची संख्या, असें घाटावर उभें राहून ऐकणाऱ्याच्या मनांत लढाईची हौस उत्पन्न होणार नाहीं. झाली तर लढाईच्या किंमतीची जाणीवच होईल, आणि ती जाणीव असलेला नागरिक राज्यकर्त्यांस अधिक विचारपूर्वक प्रश्न करील.

व्यापारी मनुष्यास देणें म्हणजे काय हें आम्हीं शिकवावें असें नाहीं. नवी वही उघडतांना तो जुन्या वहींतलीं देणीं पुढें ओढून घेतो. सावकार मागावयास आला नाहीं म्हणून देणें फिटलें असें कोणीही सचोटीचा मनुष्य समजत नाहीं. शहराच्या खात्यावरही असें एक देणें पडून आहे. तें मागणारे सरणावर गेले, आणि त्यांच्यामागें राहिलेल्यांस मागण्याचा संकोच वाटतो. म्हणून त्याची आठवण करून देणें हें वर्तमानपत्राचें काम. येत्या ७ डिसेंबरापूर्वीं प्रत्येक आळींतील चारदोन समंजस गृहस्थांनीं व गृहिणींनीं एकत्र बसावें, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या भागांतील पडलेल्या सैनिकाचें नांव लिहावें, आणि वही मिटण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन कोण कसें आहे याची विचारपूस करून यावें. एवढें झालें म्हणजे स्मारकाचा पाया घातला गेला असें आम्ही समजूं.